परदेशात ख्रिश्चन मठात राहून लहान मुलांसोबत काम करायला जावं का? मी ख्रिश्चन नाही, घरचे घाबरलेत

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बी.एड. झालंय, नोकरीला लागायच्या आधी काही महिने बाहेर जाऊन लहान मुलांसोबत काम करायचंय, मठात राहून असं करता येतं हे कळलंय, पण तू ख्रिश्चन नाहीस, घरचे म्हणतायत तिकडे बाटवतील, आणि एक एजन्सी अनाथाश्रमात काम देते म्हणून बरेच पैसे मागतेय. मी पण नाशिकचीच, इंदिरानगरची, आमच्याकडे गणपती बसतो, नवरात्र असतं, सगळं असतं, आणि मी पंचविशीत असताना एक अख्खा उन्हाळा फ्रान्समध्ये तेझे नावाच्या ख्रिश्चन मठात काढला. वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते, चालेल ना.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. मठात जा, एजन्सीला पैसे देऊ नकोस. आणि मठ निवडताना एकच बघ, तिथली मुलं कुणाची आहेत आणि आठवडा संपला की कुणाबरोबर घरी जातात.

तेझे म्हणजे बर्गंडीतलं एक छोटंसं गाव, टेकडीवर, आजूबाजूला शेतं आणि पांढऱ्याशुभ्र शारोले गाई. जवळच क्लुनी आहे, तिथला मठ ९१० साली स्थापन झालेला, एके काळी युरोपात त्याचा दबदबा होता. बर्गंडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात फक्त द्राक्षमळे होते, आणि माकाँ शहराच्या बाजूला ते आहेतच, दिंडोरी पिंपळगावच्या माणसाला बघून बरं वाटेल असे, पण वेलींची उंची आपल्या मांडवाच्या निम्मी पण नाही. असो. १९४० मध्ये रॉजर नावाचा एक स्विस तरुण इथे येऊन राहिला, युद्ध चालू होतं, त्याने घरात निर्वासित लपवले, त्यात ज्यू पण होते. युद्ध संपल्यावर त्याची बहीण झेनविएव्ह आली आणि तिने युद्धात अनाथ झालेली वीसेक मुलं सांभाळून मोठी केली. म्हणजे मठाची रीतसर सुरुवात व्हायच्या आधीपासून तिथे मुलं होती, कारण पहिल्या सात ब्रदर्सनी (मठातल्या साधूंना ब्रदर म्हणतात) आजन्म व्रत घेतलं ते १९४९ च्या ईस्टरला. भारताशी पण धागा आहे, १९७६ मध्ये ब्रदर रॉजर कलकत्त्यात वस्तीत जाऊन राहिले होते आणि मदर तेरेसांच्या इथली एक तान्ही मुलगी त्यांच्याबरोबर तेझेला आली, तिलाही झेनविएव्हनेच वाढवलं.

आता तिथे कॅथलिक पण आहेत आणि प्रोटेस्टंट पण, वेगवेगळ्या देशांतले ब्रदर्स एकाच छताखाली राहतात, हेच त्यांचं वेगळेपण. देणग्या घेत नाहीत, कुणी वारसाहक्काने काही ठेवलं तरी स्वतःसाठी घेत नाहीत, मातीची भांडी करून विकतात, पुस्तकं छापतात, त्यावर चालतं. आपल्याला कुंभमेळ्यामुळे साधू बघायची सवय असते त्यामुळे मला वाटलेलं काहीतरी भारी वातावरण असेल, तर पहिल्याच दिवशी एक ब्रदर स्वेटर घालून ट्रॉली ढकलताना दिसला, पांढरा झगा फक्त प्रार्थनेला.

दिवस कसा असतो ते सांगते कारण खरी परीक्षा तिथेच आहे. सकाळी, दुपारी जेवणाआधी आणि रात्री साडेआठला अशा तीन प्रार्थना, घंटा वाजली की हातातलं काम ठेवून जायचं. मोठं सभागृह आहे, खुर्च्या जवळपास नाहीतच, सगळे जमिनीवर बसतात (इथे आपण लगेच फिट होतो, मांडी घालून, बिचाऱ्या जर्मन पोरांचे गुडघे बघवत नाहीत). एक दोन ओळींची गाणी पुन्हा पुन्हा म्हणतात, वेगवेगळ्या भाषांत, आणि मध्ये आठ-दहा मिनिटं पूर्ण शांतता. हजारेक माणसं आणि कुणी बोलत नाही. पहिला आठवडाभर मी त्या वेळात फक्त मोबाईल, घरचा डबा आणि कोण किती खोकतंय एवढाच विचार केला, नंतर हळूहळू जमलं. रात्री स्लीपिंग बॅग, मुलींची राहायची सोय वेगळी, तिकडे सेंट अँड्र्यूच्या सिस्टर्स, म्हणजे जोगिणी, लक्ष ठेवतात आणि जास्त दिवस राहणाऱ्या प्रत्येकीला बोलायला एक ठरलेली सिस्टर असते. माझ्या आईला हे सांगितल्यावर निम्मी काळजी गेली. उरलेली निम्मी जेवणाची होती. सकाळी पाव, बटर, दोन चॉकलेटच्या कांड्या आणि बिनकानाच्या वाडग्यात चहा, जेवायला एकच चमचा, काटा नाही सुरी नाही, सगळं मऊच असतं म्हणून चालतं. शाकाहारी असशील तर आधी सांग, आणि चिवडा ने, दोन पाकिटं नाही, चार ने, कारण आल्या दिवशीच वाटून संपतो.

आता मुलांचं. उन्हाळ्यात आईवडील मुलांना घेऊन आठवड्याभरासाठी येतात, रविवारी यायचं आणि पुढच्या रविवारी जायचं, त्यांची राहायची जागा मुख्य आवारापासून थोडी लांब आहे, ओलिंदा म्हणतात तिला. सकाळी आईबाप त्यांच्या चर्चेला बसतात आणि तेवढा वेळ मुलं वयाप्रमाणे गट करून आपल्याकडे. गोष्ट, गाणं, कागदकाम, मैदानात खेळ. एका गटात फ्रेंच, जर्मन, डच, पोलिश सगळी आणि तू मध्ये मोडक्या इंग्रजीसकट उभी.

मी त्यांना विष-अमृत शिकवलं. हात लागला की विष, म्हणजे पुतळा, आणि कुणी येऊन अमृत दिलं की सुटका. नियम कृती करून दाखवला, दोन मिनिटांत कळला सगळ्यांना. तिसऱ्या दिवशी एक सहा वर्षांची पोलिश मुलगी आणि एक तिच्याहून थोडा मोठा जर्मन मुलगा यांचं भांडण लागलं, तो म्हणतो मी हात लावला, ती म्हणते लागलाच नाही, तो जर्मनमध्ये, ती पोलिशमध्ये, दोघं एकमेकांचं एक अक्षर न कळता शब्दाला शब्द देतायत, मी मध्ये पडणार तेवढ्यात तिने पाठ वळवून फ्रॉक दाखवला, त्याचे हात चिखलाने भरलेले, फ्रॉकवर डाग नाही. झालं, केस निकाली. तो मुकाट्याने परत पळायला लागला. बी.एड.ला वर्गव्यवस्थापनाच्या नोट्स मी पण काढल्यात गं, पण असं काही त्यात नव्हतं. आठवड्याच्या शेवटी ती सगळी "आम्रूऽत" करून ओरडत होती.

पण बाकीचं काम पण तुझंच असतं हे लक्षात ठेव. हॉल झाडणं, रंगाचे ब्रश धुणं, कुणी पँट ओली केली तर त्या मुलाची आई शोधणं, आणि मुलांचं काम नसेल त्या आठवड्यात शेकडो ताटं धुणं किंवा टॉयलेट साफ करणं. शिकलेली आहेस म्हणून सवलत नाही, माझ्याबरोबर एक डॉक्टर होणारी मुलगी पोछा मारत होती. मला स्वतःला ताटं धुणं आवडायला लागलेलं, सगळे गाणी म्हणत धुतात, पण घरी आईला हे चुकूनही सांगू नकोस.

अनाथाश्रमाबद्दल मी इतकं ठाम का बोलतेय ते सांगते. तू तीन आठवडे जाणार, आईबाप नसलेलं पोरगं तुला चिकटणार, तू निघून येणार, पुढच्या महिन्यात दुसरी ताई, मग तिसरी. त्या मुलाने किती वेळा माणूस सोडून जाताना बघायचं? आणि नेपाळ, कंबोडिया अशा देशांत हे नीट बाहेर आलंय, की अशा संस्थांमधल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत असतात, परदेशी पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून मुलं आणून ठेवली जातात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेने मुलांचं होणारं नुकसान थांबवा असं आलंय. तुला एजन्सी जे पॅकेज विकतेय त्यात हत्तींवर फेरफटका आणि मुलांसोबत सेल्फी एकाच पानावर असेल बघ. ओलिंदाला पोरं तुला टाटा करतात ती आईच्या कडेवरून, आणि बसमध्ये बसेपर्यंत तुला विसरलेली असतात, आणि तेच बरंय.

मठ म्हणून डोळे झाकून विश्वास ठेव असं पण म्हणत नाहीये. २०१९ मध्ये तेझेच्या समुदायाने स्वतः जाहीर केलं की १९५० ते ८० च्या दशकांत तिथल्या तीन ब्रदर्सकडून अल्पवयीन मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या पाच तक्रारी पुढे आल्यात, आणि ते प्रकरण त्यांनी फ्रेंच सरकारी वकिलांकडे दिलं. मला हे जायच्या आधी माहीत होतं आणि तरी गेले, लपवण्यापेक्षा सांगणारी जागा मला जास्त बरी वाटली. तू कुठेही गेलीस तरी पहिल्या पत्रातच विचार, मुलांसोबत मोठं माणूस एकटं असू नये याचा नियम आहे का, तक्रार कुणाकडे करायची. उत्तर द्यायला कुणी कां-कूं केली तर तो विषय सोड. आणि तुझंही पोलिस क्लिअरन्स काढून ठेव, मुलांचं काम म्हटल्यावर मागू शकतात.

आता बाटवायचं. मला एकदाही कुणी धर्माबद्दल गळ घातली नाही, उलट "तुमच्याकडे कसं असतं" हेच विचारून विचारून पोरांनी भंडावलं. होली कम्युनियन, म्हणजे ख्रिश्चनांचा पाव-वाइनचा प्रसाद, घ्यायचा नसेल तर वेगळा आशीर्वाद दिलेला ब्रेड असतो तो कुणीही घेऊ शकतं, मी घ्यायचे. पण प्रार्थना ख्रिश्चन आहे, दिवसातून तीनदा आहे, आणि तिथे राहणाऱ्याने यावं अशी अपेक्षा असते, फक्त मुलांसाठी आलेय बाकी मला नको असं चालत नाही. हे पटत नसेल तर जाऊ नकोस, त्यात काही कमीपणा नाही. शनिवारी रात्री सगळ्यांच्या हातात बारीक मेणबत्त्या असतात आणि पहिली ज्योत लहान मुलं पुढे नेतात, त्या वेळी माझ्या गटातला एक जण मेण सांडवून इतका घाबरला की मी अख्खी प्रार्थना त्याची बाही खरवडत बसले होते.

घरच्यांना समजावताना मी शरणपूरचा दाखला दिला होता. आपण रोज शरणपूर रोडने जातो आणि विसरतो की ती मुळात मिशनची वसाहत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे ठेवून शिकवली गेली, आणि १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन मेल्यावर त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत जेकब वेनराइट हा नाशकात शिकलेला पोरगा होता. मामा म्हणाला म्हणजे तिथे पण बाटवलंच की. खरंय, त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारतायत, तू सज्ञान आहेस, कधीही बॅग उचलून निघू शकतेस, हा फरक मामाला पटला, आजीला नाही पटला, ती नाशिकरोडच्या बाळ येशूला दरवर्षी जाते तरी.

खर्च म्हणशील तर विमानाचं तिकीट हाच मोठा. थोडे दिवस गेलीस तर राहण्याजेवणाचे पैसे तू कुठल्या देशातून येतेस त्यावर ठरतात, आपल्याला कमी द्यावे लागतात, जास्त दिवस स्वयंसेवक म्हणून ठेवून घेतलं तर राहणं-जेवण त्यांचं, पगार नाही. साधारण १८ ते तिशीच्या आतले तरुण घेतात आणि एकदम महिन्यांसाठी घेत नाहीत, आधी आठवडाभर ये, बघ, मग बोलू असं असतं. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्याहून जास्त हवं तर लाँग स्टे व्हिसा, त्याची प्रक्रिया वेगळी. किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, वडिलांचे आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, आणि तिकडून आलेलं निमंत्रणाचं पत्र. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाणार असशील तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी गेलीस की रात्री घरी येशील पण अपॉइंटमेंट दुपारची घे, गाडीचा भरवसा नाही. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे तिकडच्या वेगवान रेल्वेने, माकाँ-लोशे स्टेशन आणि तिथून बस.

उन्हाळ्यासाठी जायचं असेल तर पत्र दिवाळीनंतर लगेच लिही, कारण व्हिसाच्या तारखा एप्रिलपासून मिळेनाशा होतात, आणि पत्रात मुलांवर प्रेम वगैरे लिहू नकोस, तुला काय येतं ते लिही, शिवण, चित्रकला, पेटी, लगोरी, काहीही.