हात जोडले, डोळे भरले, पण ते खरं होतं का?

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये अवॉर्ड शोचाच विषय जास्त होता, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त याच्यावरच बोलू.

ताई, दरवेळी अवॉर्ड शो लागला की माझं आणि बायकोचं वाजतं. एखादा स्टार स्टेजवर गेला, डोळे पुसले, 'मी याच्या लायक नाही, हे सगळं टीमचं आहे' म्हणाला की ती भारावून जाते आणि मी म्हणतो अगं ॲक्टर आहे तो, रडणं त्याचं कामच आहे. ती म्हणते तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही. हा नम्रपणा खरा असतो की नाटक, तुम्हीच सांगा.

तुम्ही दोघंही एकच गोष्ट करताय, चेहरा बघून निकाल देताय. आणि चेहरा बघून खरं-खोटं ओळखणं आपल्याला वाटतं तितकं कुणालाच जमत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या विषयावरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून बघितले, तर माणसांचा अंदाज बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नुसतं नाणं उडवलं तरी ५० येतातच की. आणि इथे तर समोर असा माणूस आहे ज्याला डायरेक्टरने सांगितल्या क्षणी डोळ्यात पाणी आणता येतं. तेव्हा तुमचं 'नाटक' आणि वहिनींचं 'खरं' हे दोन्ही अंदाजच समजा.

आता स्टेजवर नेमकं काय चाललेलं असतं ते बघा. ऑस्करला स्पीचसाठी साधारण ४५ सेकंद दिलेले असतात, लांबलं की ऑर्केस्ट्रा वाजायला लागतो. त्याच्या आधी कित्येक महिने कॅम्पेन चाललेलं असतं, स्पेशल स्क्रीनिंग, मुलाखती, जेवणं, आणि सगळीकडे गोड बोलायचं, कारण मतं देणारे अकॅडमीचे, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे, मेंबर म्हणजे याच इंडस्ट्रीतली माणसं आणि 'मीच बेस्ट' म्हणत फिरणारा कुणालाच आवडत नाही. थोडक्यात नम्रपणा हा तिथला ड्रेस कोड आहे. पण ड्रेस कोड पाळला म्हणून आतला माणूस खोटा ठरत नाही ना! वर्षानुवर्षं छोटे छोटे रोल करत राहिलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा ट्रॉफी येते तेव्हा तो खरंच गदगदलेला असू शकतो आणि तेच स्पीच त्याने घरी आरशासमोर म्हणूनही बघितलेलं असू शकतं, दोन्ही एकाच वेळी. तयारी केली म्हणजे खोटं, हे मला अजिबात पटत नाही. ज्यांचे आभार मानायचेत त्यांची नावं विसरू नयेत म्हणून कागद लिहून नेणं ही तर मला काळजीची खूण वाटते.

मी काय करते सांगू? शब्द आणि अश्रू बाजूला ठेवते आणि एवढंच बघते की या माणसाने त्या क्षणी स्वतःचं काही सोडलं का, आणि सोडलं असेल तर ते कुणाला मिळालं.

१९९८ चे गोल्डन ग्लोब, म्हणजे अमेरिकेतले सिनेमा-टीव्हीचे अवॉर्ड, आठवा, किंवा आठवत नसतील तर शोधून बघा, व्हिडिओ मिळतो. टीव्हीवरच्या भूमिकेसाठी व्हिंग रेम्स या अमेरिकन नटाला बेस्ट ॲक्टर मिळालं. तो वर आला, बोलता बोलता रडायला लागला, आणि त्याने प्रेक्षकांत बसलेल्या ज्येष्ठ नट जॅक लेमनना वर बोलावलं. लेमन त्याच कॅटेगरीत नॉमिनेटेड होते, म्हणजे नुकतेच हरले होते, वय ७२. ते संकोचून वर आले तर रेम्सने कलाकार असणं म्हणजे देणं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ट्रॉफी सरळ त्यांच्या हातात दिली. लेमन परत द्यायला बघतायत, हा घेत नाही, आणि सगळा हॉल उभा! लेमन म्हणाले की माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात गोड क्षणांपैकी हा एक आहे. आयोजकांनी नंतर रेम्ससाठी दुसरी ट्रॉफी करून दिली हे खरंय, पण देताना ती मिळेल असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचे अश्रू खरे होते का यावर मी वादच घालणार नाही, ट्रॉफी दुसऱ्याच्या घरी गेली एवढं मला पुरतं.

दुसरं उदाहरण आपल्या लतादीदींचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५७ च्या फिल्मफेअरला शंकर-जयकिशन यांना संगीताचं अवॉर्ड मिळालं आणि त्यांनी दीदींना कार्यक्रमात गायला सांगितलं, 'रसिक बलमा'. दीदी नाही म्हणाल्या. कारण साधं होतं, तेव्हा गायकांसाठी अवॉर्डच नव्हतं. संगीतकाराचा सन्मान होतोय ना, मग गाणं गायकाशिवाय वाजवा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा किती जणांना तो गर्व वाटला असेल! पण त्यानंतर पार्श्वगायनाचं अवॉर्ड सुरू झालं, १९५९ मध्ये पहिलं त्यांनाच मिळालं, आणि पुढे एकूण चार वेळा घेऊन झाल्यावर १९७० च्या सुमारास त्यांनीच सांगितलं की आता मला नको, नव्या गायिकांना द्या. मला या दोन्ही वेळच्या लतादीदी एकच वाटतात. आपल्या कामाची किंमत त्यांना पक्की माहीत होती, ती नाकारली जात होती तेव्हा स्पष्ट बोलल्या आणि भरभरून मिळाल्यावर स्वतःहून बाजूला झाल्या.

म्हणून 'मी लायक नाही' हे वाक्य ऐकून मी हल्ली जरा थांबते. ॲरन वीडमन, जोई चेंग आणि जेसिका ट्रेसी यांनी २०१८ मध्ये नम्रतेवर अभ्यास केला त्यात त्यांना दोन वेगळे प्रकार दिसले, एकात माणूस दुसऱ्यांचं मोल ओळखतो आणि हा सहसा यश मिळाल्यावर जागा होतो, दुसऱ्यात तो स्वतःलाच कमी लेखतो, लपायला बघतो, आणि हा बहुतेक अपयशानंतर येतो. म्हणजे जिंकल्यावर माणसाला मनापासून जे वाटतं ते बरेचदा 'यांच्यामुळे झालं' असं असतं. त्यामुळे पुढच्या शोला वहिनी आणि तुम्ही दोघं मिळून बघा की स्पीचमध्ये 'मी किती छोटा' हे जास्त आहे की दुसऱ्या कुणाचं नाव आणि त्याने नेमकं काय केलं हे जास्त आहे. मेकअप करणारी, एडिटर, स्टंट करणारा मुलगा, अशी माणसं ज्यांच्याकडून पुढे काही मिळायचं नाही, त्यांचं नाव कामासकट आलं तर माझं मत वहिनींच्या बाजूने.

गायिका ॲडेलने २०१७ ला ग्रॅमी, म्हणजे संगीताचं अवॉर्ड, घेताना स्टेजवरून सांगितलं की हे बियॉन्सेला मिळायला हवं होतं, मला तेव्हा खूप भारी वाटलेलं. पण मैत्रीण म्हणते, मग घेतलंस कशाला, आणि असं म्हणणं हा समोरच्याचा अपमानच आहे. तुम्हाला काय वाटतं?

मैत्रीण एकदम चुकीचं बोलत नाहीये. जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती समोर बसलेली, तिच्यावर कॅमेरा, तिने चेहरा कसा ठेवायचा? हरल्याचं दुःखही नीट करता येत नाही आणि वरून हसून थँक्यू म्हणायचं. हा त्रास खरा आहे आणि देणाऱ्याला तो दिसत नाही बरेचदा.

तरी ॲडेलच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने. कारण ती तेवढ्यावर थांबली नाही, नंतर पत्रकारांसमोर तिने सरळ विचारलं की बियॉन्सेने अल्बम ऑफ द इयर जिंकण्यासाठी अजून करायचं तरी काय? हा प्रश्न अवॉर्ड देणाऱ्यांना होता, आणि त्याच रात्री ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं त्यांनाच तो विचारायचा म्हणजे त्यात थोडी तरी हिंमत लागते. (बियॉन्सेला ते अवॉर्ड शेवटी २०२५ मध्ये मिळालं.)

आता याच्या शेजारी २०१४ चं बघ. रॅपर मॅकलमोरला बेस्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं, दुसरा रॅपर केंड्रिक लामारला नाही मिळालं. मॅकलमोरने केंड्रिकला मेसेज केला की हे तुझं होतं, तुझ्यावर अन्याय झाला. इथपर्यंत किती छान! पण मग त्याच मेसेजचा स्क्रीनशॉट काढून त्याने इन्स्टाग्रामवर टाकला. मेसेज केंड्रिकसाठी होता, स्क्रीनशॉट कुणासाठी होता? केंड्रिकनेही नंतर साधारण हेच म्हटलं की माणूस चांगला आहे, मेसेज मी समजू शकतो, पण जगासमोर टाकायची गरज नव्हती. मला वाटतं मॅकलमोरला मनापासून वाईट वाटलं असेलही, पण स्क्रीनशॉटमुळे सगळं बोलणं त्याच्याच मोठेपणाचं झालं आणि केंड्रिक बाजूला राहिला. ओव्हुल सेझर आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास आहे, नम्रपणाच्या किंवा तक्रारीच्या आडून केलेल्या बढाईवर, त्यात दिसलं की अशा माणसापेक्षा सरळ बढाई मारणारा लोकांना जास्त आवडतो, कारण तो निदान प्रामाणिक वाटतो.

हरलेले स्टार इतके हसत टाळ्या वाजवतात ते तरी खरं असतं का?

हसू बहुतेक वेळा आवरून-सावरून आणलेलं असतं आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या ज्युडो खेळाडूंचे चेहरे डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी फोटोंमधून तपासले होते. मॅच संपल्या क्षणी गोल्ड आणि ब्राँझवाले बरेच जण हसले, फायनल हरून सिल्व्हर मिळालेला एकही नाही. पुढे पोडियमवर मात्र सिल्व्हरवालेही हसत होते, फक्त ते हसणं वेगळं होतं. अवॉर्ड शोला तर नाव पुकारतानाच सगळ्या नॉमिनींचे चेहरे स्क्रीनवर शेजारी शेजारी लावलेले असतात, म्हणजे तो मधला क्षणही मिळत नाही. दुसऱ्याच्या आनंदावर विरजण नको म्हणून कुणी स्वतःचं वाईट वाटणं दहा मिनिटं गिळलं तर त्याला फेक का म्हणायचं? मला तर तो शहाणपणा वाटतो.

अवॉर्ड नाकारणाऱ्यांना आपण गर्विष्ठ म्हणायचं की नम्र?

यातलं काहीच म्हणायची गरज नाही, कारण विचारा. हॉलिवूडचा नट जॉर्ज सी. स्कॉटने १९७१ ला ऑस्कर घेतलं नाही, कारण कलाकारांची एकमेकांशी अशी स्पर्धा लावणंच त्याला मान्य नव्हतं. आणि त्याने ते जिंकायच्या आधीच कळवलं होतं, इतकंच काय त्याच्या आधी १९६२ लाही नॉमिनेशन नको म्हणाला होता. हे तत्त्व झालं. १९७३ ला नट मार्लन ब्रँडो ऑस्कर घ्यायला स्वतः आलाच नाही, त्याने आपल्या जागी साशीन लिटलफेदर या कार्यकर्तीला पाठवलं आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना सिनेमा-टीव्हीत जसं दाखवतात त्याचा निषेध तिने स्टेजवर सांगितला. त्यात नम्रता शोधू नका, तो निषेधच होता. मला त्यातलं एक खटकतं, ते असं की हॉलमधली हुर्यो तिला एकटीला सोसावी लागली आणि ब्रँडो घरी होता. नाकारण्याची किंमतही कोण भरतं ते बघायला हवं.

ताई, ऑफिसमध्ये मला वर्षाचं बेस्ट एम्प्लॉयी मिळालंय, पुढच्या आठवड्यात दोन शब्द बोलायचेत. खूप नम्र बोललं तर खोटं वाटेल आणि नाही बोललं तर शेफारली म्हणतील. काय बोलू?

आधी अभिनंदन गं, मनापासून! आणि 'मी काहीच केलं नाही' एवढं मात्र बोलू नकोस, कारण तू केलंयस म्हणून तर मिळालंय, आणि तसं म्हटलं की निवडणाऱ्यांना काही कळत नाही असा अर्थ होतो. आनंद झाला असेल तर सरळ म्हण की खूप आनंद झालाय, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. मग 'सगळ्या टीमचे आभार' असं मोघम सोडू नकोस, कारण त्यात कुणालाच आपलं नाव ऐकू येत नाही. दोनच माणसं घे पण प्रसंग सांग, म्हणजे रिपोर्टची तारीख जवळ आलेली असताना रात्री थांबून आकडे तपासून देणारा कोण होता, तुझ्या सुट्टीत तुझे फोन कुणी घेतले, असं. ज्याचं नाव घेशील त्याला शक्यतो आधी सांगून ठेव, काही जणांना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं आवडत नाही. आणि त्या वर्षी तुझ्याइतकंच काम केलेलं कुणी असेल ज्याला मिळालं नाही, तर त्याच्याबद्दल माईकवर बोलू नकोस, नंतर त्याच्या टेबलपाशी जाऊन बोल. त्याचं काम मॅनेजरपर्यंत पोचलं नसेल असं वाटत असेल तर पुढच्या रिव्ह्यूच्या आधी तू स्वतः मॅनेजरला सांग, तुझं म्हणणं आत्ता ऐकून घेतलं जाईल.