लॅनची केबल ९० अंशात वळवली तर स्पीड कमी होतो का?

कोन सोडा हो, वळणाची त्रिज्या बघा. चार जोड्यांच्या यूटीपीला (पीळ दिलेल्या तारांची साधी लॅन केबल) टीआयए-५६८ या केबलिंगच्या मानकाप्रमाणे ती केबलच्या बाहेरच्या व्यासाच्या निदान ४ पट हवी. कॅट-६ या प्रकारची केबल साधारण ६ मिमी जाड असते, म्हणजे २५ मिमीच्या आसपास. ९० अंशात खुशाल वळवा, पण गोलाईने.

मी हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. छतातला ट्रे कोपऱ्यात काटकोनात वळत होता. मी तिथे केबलींना सैल वळण ठेवलं होतं. सुपरवायझर आले, म्हणाले, "ही वेटोळी कशाला? काम शिस्तीत दिसलं पाहिजे." सगळा जुडगा ओढून ट्रेच्या कडेला चिकटवला आणि नायलॉन टाय पक्कडीने आवळले. टेस्टरवर आठही लाइट लागले. छत बंद.

पुढच्याच आठवड्यात सहा मशीन एक गिगावरून १०० एमबीवर घसरायला लागली. गिगाला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. खापर माझ्या क्रिम्पिंगवर, म्हणजे टोकांना प्लग बसवण्यावर. दोन दिवस मी टोकं कापून पुन्हा भरत होतो! शेवटी सर्टिफायर आणला, म्हणजे केबलमधून सिग्नल नीट जातो का ते मोजणारं यंत्र. रिटर्न लॉस (सिग्नल किती उलटा परततो ते माप) फेल, आणि दोष ३१ मीटरवर. तिथे कुठलं आलं टोक? तोच कोपरा. टाय कापला तर केबल चपटी झालेली. साल सोलली तर निळ्या जोडीचा पीळ उकललेला, दोन तारांच्या मध्ये नख जाईल एवढी फट. सरळ केली तरी पीळ काही परत बसला नाही. साहेब म्हणाले, "केबलच हलकी आली."

हलकी नव्हती. आठ लाइट म्हणजे तारा जागेवर आहेत एवढंच. पीळ बिघडलाय का, ते त्या टेस्टरला कळतच नाही. वेल्क्रो वापरा, तोही बोट जाईल इतका सैल. केबल ११० न्यूटनपेक्षा जास्त जोराने ओढू नका.

हां, एखादं घट्ट वळण छोट्या लिंकमध्ये पचूनही जातं, ते नाकारत नाही. पॅच कॉर्डला (मशीनला जोडायची छोटी तयार केबल) नियम सैल आहे. फायबर असेल तर वरचं सगळं विसरा: साधारणपणे ओढताना व्यासाच्या २० पट, बसवल्यावर १० पट. कंपनीच्या डेटाशीटमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

आणि काम बघणारा "लाइट लागली ना, मग झालं" म्हणाला, तर सर्टिफायरचा रिपोर्ट हातात येईपर्यंत छत बंद करू देऊ नका.