मोटारसायकलीला कारचा टायर बसतो का? आणि चाकाचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : १०० सीसीच्या गाडीवर रोज ४० लिटरचे दोन कॅन दूध डेअरीला नेतो. रस्ता खडीचा, मागचा टायर आठ-नऊ हजार किलोमीटरमध्येच गुळगुळीत होतो. ओळखीचे एकजण म्हणतात, कारचा जुना टायर टाक, दुप्पट चालेल, घरीच बसवू. टाकावा का?
– एक दूध उत्पादक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : टाकू नका, आणि खरं तर तो बसणारही नाही. जुन्या आल्टोचा टायर १४५/८० आर १२. म्हणजे रिम हवी १२ इंची आणि साधारण ४ इंच रुंद. तुमची रिम १८ इंची आणि रुंदीला जेमतेम १.६ इंच. १६-१७ इंची कारचा टायर शोधला, तरी तो २०५ मिमीच्या आसपास रुंद. त्याला साडेपाच इंचांहून अरुंद रिम चालत नाही, आणि तेवढी रुंदी चेन व स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मधे मावतही नाही.

ही कल्पना आली कुठून, तर अमेरिकेतून. तिकडे होंडा गोल्डविंगसारख्या अवजड गाडीच्या १६ इंची, १८० मिमी रुंद मागच्या चाकावर काही हौशी लोक कारचा टायर चढवतात. तिथेही अडचणी आहेतच. दोन्ही रिमांवर १६ लिहिलेलं असलं, तरी टायरची बीड जिथे टेकते त्या खांद्याचा आकार वेगळा असतो. (बीड म्हणजे टायरची तारेची कड. जिल्ह्याशी संबंध नाही.) म्हणूनच दुचाकीच्या टायरवर मापापुढे ‘एम/सी’ (मोटारसायकल) छापतात. कारची ताठ बीड त्या खांद्यावर चढत नाही म्हणून लोक हवा वाढवत नेतात. बीड बसवताना कारच्या टायरमध्ये ४० पीएसआयच्या वर हवा भरू नये, हा नियम. त्यापुढे तार तुटली तर टायर फुटून माणसाच्या अंगावर येतो.

दुसरं, दुचाकी वळते ती कलून. तिचा टायर गोल पाठीचा असतो, कारचा सपाट. कलल्यावर सपाट टायर एका काठावर उभा राहतो आणि हँडल उलट ओढतं. काळ्या मातीत वाळलेल्या चाकोरीतून जाताना तर जास्तच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल चालत नाही, हेही आहेच.

आता तुमच्या टायरचं. हे म्हणजे रोग म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. जरा हिशेब करू. ४० लिटर दूध सुमारे ४१ किलो, कॅनसह ४७-४८. दोन कॅनचे ९५ किलो, ते सगळे मागच्या चाकावर. गाडीचं निम्मं वजन ५५, तुमच्या सत्तरपैकी ४५. झाले १९५ किलो. टायरवर मापानंतर ‘४८ पी’ असेल, तर ४८ या अंकाचा अर्थ १८० किलो. ५४ असेल तर २१२. तेव्हा त्याच मापाच्या गटातला, गाडीच्या पुस्तिकेत मान्य असलेला ५४ चा टायर घ्या. बाजूला आयएसआय खूण आणि आयएस १५६२७ हा क्रमांक पाहा. १५६३३ दिसला तर तो कारचा.

हवाही तपासा. अशा गाड्यांना मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ४१ पीएसआयच्या आसपास सांगितलेली असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. कॅन लादून २८ वर चालवलं की टायरच्या भिंती मुडपतात, तापतात. दोन्ही काठ आधी झिजले असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. हवा सकाळी, गाडी काढण्याआधी मोजा. उन्हाळ्यात चालवून आल्यावर वाढलेली दिसते, ती काढू नका. आणि एकूण भार पुस्तिकेतल्या कमाल वजनाशी ताडून पाहा. जास्त भरला, तर एक कॅन दुसऱ्या खेपेला न्यावा लागेल.

प्रश्न : टायर घरीच बदलतो, पण दर वेळी नवी ट्यूब टॉमीखाली (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीखाली) चिमटून पंक्चर होते. काय चुकतं?
– वाचक, अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : बहुतेक ताकद जास्त लागतेय. रिमच्या मध्यभागी जी खोलगट नाळ आहे, तिच्यात समोरची बीड उतरली की इकडची कड सहज चढते. टॉमीवर लोंबकळावं लागत असेल, तर समोरची बीड नाळेत नाही, खांद्यावर चढून बसली आहे. तिथे गुडघा रोवा.

काढताना व्हॉल्व्हमधली पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. चाक लाकडाच्या दोन पट्ट्यांवर आडवं ठेवा, स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चक्रावर) भार नको. रिमलगत टाचेने दाबत फिरा, बीड सुटेल. साबणाचं पाणी लावा. डिझेल, रॉकेल, ग्रीस नको, रबर फुगतं. उघडायला व्हॉल्व्हपासून सुरुवात करा. बसवताना उलटं : व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने सुरू करून व्हॉल्व्हवर संपवा. व्हॉल्व्हचं बूड नाळेतली जागा अडवतं, म्हणून तिथली बीड खाली उतरत नाही. शेवट दुसरीकडे केला तर चिमटा हमखास.

ट्यूब घालण्याआधी रिमची रबरी पट्टी पाहा. एखादा स्पोक वर आला असेल तर कानसीने घासा. ट्यूबला शंखजिरे लावा, आकार येईल इतकीच हवा भरा. व्हॉल्व्हची चकती दोन-तीन आटेच फिरवा. शेवटच्या वीतभर भागात व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब वर घ्या, आणि टॉमी दर वेळी दोन बोटं एवढाच घास घेऊ द्या. टॉमीचं टोक आत खोल गेलं की ट्यूब सापडलीच.

टायरवरच्या बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेने हवी. टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी. हवा भरून, सोडून, पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबची घडी मोडते. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

चाक लावताना ब्रेक प्लेटचा आडवा दांडा आणि त्याची खिळपिन विसरू नका. तो सुटा राहिला की ब्रेक दाबताच प्लेट फिरते, चाक जाम होतं. चेनला मधोमध २० ते ३० मिमी झोल ठेवा.

प्रश्न : स्पोकच्या चाकात ट्यूबलेस टायर घातला तर वेड्या बाभळीच्या काट्यांपासून सुटका होईल का?
– शेतकरी, कळमनुरी, जि. हिंगोली

उत्तर : नाही. साध्या स्पोकच्या चाकात हवा स्पोकच्या भोकांतून निघून जाते. तो टायर चालतो, पण आत ट्यूब घालूनच. ट्यूबलेस चाकात काटा रुतला तर तो तिथेच राहू द्या, हवा हळूहळू जाते, गावापर्यंत पोचता येतं. लगेच उपटला की रस्त्यातच बसलात.

प्रश्न : टायर किती झिजल्यावर बदलावा?
– विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : दुचाकीसाठी नक्षीची खोली किमान ०.८ मिमी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. नक्षीच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, झीज त्यांच्या पातळीला आली की बदला. टायरच्या बाजूवर तो बनल्याची चारआकडी तारीख असते, तिच्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात ‘नवा’ म्हणून पाच वर्षांचा टायर हाती देत असतील, तर तो परत ठेवायला सांगा.