देवाची योजना आणि आईबाबांची योजना

‘आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. ती इथे परदेशातच जन्मली, वाढली. लहान असताना रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत सगळ्यांत मोठा आवाज तिचा असायचा. दोन वर्षांपूर्वी तिचं दृढीकरण झालं, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास तिने मंडळीपुढे स्वतः कबूल केला. आताही प्रार्थनेला बसते, पण डोळे मिटून गप्प. परवा मी म्हटलं, “देवाने तुझ्यासाठी योजना ठेवली आहे, तू डॉक्टर होऊन लोकांची सेवा करशील.” तर म्हणाली, “हे देवाने तुला सांगितलं? मला तर काहीच बोलला नाही.” मला उत्तर सुचलं नाही. तिचं आयुष्य देवाच्या इच्छेप्रमाणे घडावं म्हणून आम्ही काय करावं? आणि रविवारी उपासनेला यायला कुरकुर करते, तेव्हा ओढून न्यावं का?’
– एक आई

ताई, मुलीचं बोलणं तुम्हाला झोंबलं असणार. पण मला ते उद्धट वाटत नाही. देव माझ्याशी बोलेल अशी जिची अपेक्षाच नाही, ती मुलगी असा प्रश्न विचारणार नाही.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट तुम्ही तिला लहानपणी सांगितली असेलच. आता ती एकदा स्वतःसाठी वाचा, पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय. मुलगा मंदिरात राहतो, मंदिरातच झोपतो, रोज सेवा करतो, आणि तरी सातव्या वचनात स्पष्ट लिहिलं आहे की त्याला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. म्हणजे प्रार्थनेच्या घरात वाढलेल्या मुलाला देवाचा आवाज कळत नसेल तर त्यात आईबापांची नाचक्की नाही. रात्री देव हाक मारतो, आणि मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाने, एलीने, बोलावलं असं समजून शमुवेल तीनदा त्याच्याकडे धावतो. एली दोनदा त्याला परत झोपायला लावतो, तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं. मग तो काय करतो? ‘थांब, मीच ऐकतो आणि तुला सांगतो’ असं म्हणत नाही. काय उत्तर द्यायचं एवढं शिकवतो आणि मुलाला एकट्याला परत पाठवतो.

गोष्टीचा उरलेला भाग आपण मुलांना सांगताना बहुतेक गाळतो. त्या रात्री देव शमुवेलाला जे सांगतो ते एलीच्या स्वतःच्या घराण्याविरुद्ध असतं. सकाळी पोरगं सांगायला घाबरतं, आणि म्हातारा एली म्हणतो, काही लपवू नकोस. एलीच्या बाकीच्या चुका मोठ्या होत्या, पण त्या सकाळचा एली आपल्याला जमला तरी पुष्कळ झालं. मुलीला देवाने काही दाखवलं आणि ते आपल्या मनाविरुद्ध असलं, तर ती ते आपल्यापाशी येऊन बोलेल का? मला वाटतं, आधी या प्रश्नाचं उत्तर शोधा.

आता डॉक्टरकीबद्दल. ताई, रागावू नका, पण ही योजना कुणाची आहे? परदेशात आलेले आपण लोक. कागदपत्रं, नोकरी, घराचं कर्ज, सगळं शून्यापासून उभं केलेलं. मुलीच्या हाती खात्रीचा व्यवसाय असावा ही इच्छा अगदी रास्त आहे, आणि ती आपली इच्छा म्हणून सरळ सांगायलाही हरकत नाही. अडचण होते ती त्या इच्छेवर देवाची सही केली की. मग मुलीला नाही म्हणायचं असेल तर आईला नाही म्हणून भागत नाही, देवालाच नाही म्हणावं लागतं. काही मुलं नेमकं तेच करतात, आणि मग आपण म्हणतो की इथल्या हवेने बिघडली.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आणि व्यवसाय या दोन गोष्टी शास्त्रातही वेगळ्या आहेत. पौलाचं पाचारण प्रेषित होण्याचं, हातातला धंदा तंबू करण्याचा. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना वैद्यकीय शिक्षण घ्यायचं होतं. पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते दार बंद झालं. त्याच वर्षी तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही आपल्या ख्रिस्ती गुरुजनांशी शिकवणुकीवरून वाद घालणं काही सोडलं नाही. पुढे मुंबईत शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल. पंचविसाव्या वर्षी त्यांना यातलं काय दिसत होतं? आणि आपण सोळाव्या वर्षी मुलीकडे पूर्ण नकाशा मागतो.

‘देवाची योजना’ म्हटलं की यिर्मया 29:11 हे वचन पुढे येतंच: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव म्हणतो. फोनच्या पडद्यावर, कपावर, वाढदिवसाच्या कार्डावर. तुमच्या मुलीकडेही कुठेतरी असेल. एक करा, तो सगळा अध्याय दोघी मिळून वाचा. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, आणि कुणाला लिहिलंय पाहा. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या लोकांना. परक्या मुलखात, परक्या भाषेत राहणाऱ्या कुटुंबांना. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगत असतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. ते पत्र ऐकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीने हिशोब केला असता तर परतीच्या वेळी ती ऐंशीच्या पुढे गेली असती. म्हणजे हे वचन येत्या प्रवेशपरीक्षेच्या निकालाबद्दल नाही. शिवाय ‘तुमच्याविषयीचे संकल्प’ यातलं ‘तुमच्या’ हे अनेकवचन आहे. एकट्यादुकट्याला नाही, सगळ्या समाजाला दिलेलं.

आणि तोवर करायचं काय? तेही त्याच पत्रात आहे. घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्या नगराचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. देवाची इच्छा ढगातून उतरायची वाट पाहत बसलेल्या मुलांना हे फार सोपं आणि फार अवघड वाटतं. वर्गात एकटी जेवणारी मुलगी कोण? शेजारच्या आजोबांचं सामान कोण उचलून देतं? कुठला अन्याय पाहिला की हिला झोप लागत नाही? आपल्या मंडळीत ‘प्रभूने ओझं घातलं’ असं म्हणतात, ते अशाच ठिकाणी सापडतं. ‘मोठेपणी कोण होणार’ यापेक्षा ‘या आठवड्यात कशाने तुझं मन भरून आलं’ हे विचारा. उत्तर आलं तर लगेच त्यातून करिअर काढू नका. नुसतं ऐका.

तिच्या गप्प बसण्याविषयीही थोडं. ती मनात कोणत्या भाषेत विचार करते? इंग्रजीत करत असेल तर तिला इंग्रजीत प्रार्थना करू द्या. मराठी टिकावी असं मलाही वाटतं, पण देवाशी बोलायला बसल्यावर व्याकरणाची परीक्षा नको. शब्दच सुचत नसतील तर स्तोत्र 13 द्या. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातच ‘परमेश्वरा, कोठवर?’ अशी तक्रारीने आहे. देवाकडे रडगाणं गायलेलं चालतं हे आपल्या मुलांना कुणी सांगतच नाही. मात्र ती प्रार्थनेतच नाही तर जेवणात, झोपेत, मैत्रिणींतही गप्प होत चालली असेल, तर ते निव्वळ आत्मिक समजून बसू नका. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्या. प्रार्थना चालू ठेवाच.

तुमचीही एक गोष्ट तिला सांगा. देवाची इच्छा आहे असं ठामपणे वाटलं आणि पुढे चूक ठरलं, असं काही तुमच्या आयुष्यात घडलंच असेल. मुलांना आपल्या साक्षी तोंडपाठ असतात; आपल्या चुका त्यांनी ऐकलेल्या नसतात. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला असं पौल लिहितो. तुमच्या मंडळीतही आईपेक्षा वेगळं, पण घरचं वाटेल असं एखादं मोठं माणूस असेल तर त्या दोघींना बोलू द्या. आणि काय बोलणं झालं ते घरी आल्यावर विचारू नका.

आता रविवार. ओढून नेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. ‘आपलं घर रविवारी एकत्र उपासनेला जातं’ हा घराचा नियम म्हणून सांगा. ‘नाही आलीस तर देवाला वाईट वाटेल’ असं म्हणू नका. युवकांच्या संगतीला जायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. आणि पाळकांशी बोलून तिला खरं काम मिळतंय का पाहा, सणाच्या कार्यक्रमात मंचावर उभं करण्यापुरतं नको. लहान मुलांच्या वर्गात मदत, ध्वनियंत्रणा, नव्याने आलेल्या कुटुंबाची विचारपूस, काहीही चालेल. पहिले दोन रविवार तोंड वाकडं करेल. करू द्या.