‘घरीच थोडी चाखू दिली तर?’

या महिन्यात मुलांच्या दारूबद्दलचे प्रश्न बरेच आलेत, म्हणून पूर्ण पान त्यालाच. नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. आज ना उद्या मित्रांसोबत पिणारच, मग माझ्यासमोरच एखादा ग्लास बिअर घेतली तर काय हरकत? त्याचं कुतूहलही संपेल आणि लिमिटमध्ये राहायला शिकेल, असं मला वाटतं. बायको मात्र अजिबात तयार नाही.

तुमचा हेतू चांगला आहे, मुलाने लपूनछपून काही करू नये म्हणूनच तुम्ही विचारताय, पण मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे. हा ‘घरचा ट्रेनिंग’वाला विचार जगभरच्या आईबापांच्या डोक्यात असतो आणि तो तपासूनही झालाय. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलं आणि त्यांचे पालक यांना मुलं साधारण १२ वर्षांची असल्यापासून सहा वर्षं फॉलो केलं, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. घरच्यांनी दिल्यामुळे मुलं नंतर सांभाळून पितात असा काहीही पुरावा मिळाला नाही. उलट ज्यांना फक्त आईबापांकडून दारू मिळत होती त्यांना पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळण्याची शक्यता, अजिबात न मिळालेल्या मुलांपेक्षा जवळपास दुप्पट निघाली. म्हणजे घरचं दार उघडलं म्हणून बाहेरचं बंद होत नाही, आणि मुलाला मेसेज जातो तो एवढाच की बाबांना चालतं.

वय का एवढं महत्त्वाचं तेही सांगते. आवेग आवरणं, परिणामांचा विचार करणं ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशीपर्यंत वेळ लागतो, मजा हवी म्हणणारा भाग मात्र त्याच्या आधीच जोरात असतो. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासात १४ व्या वर्षी किंवा त्याआधी सुरुवात केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना आयुष्यात कधीतरी दारूचं व्यसन जडलेलं दिसलं, विशीनंतर सुरुवात केलेल्यांमध्ये ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. आता यात सगळा दोष लवकर पिण्याचाच असं मी म्हणणार नाही, कारण घरातला ताण, आनुवंशिकता, आधीपासूनचा उतावळा स्वभाव यामुळेही काही मुलं लवकर सुरू करतात आणि पुढे अडकतातही. पण या सगळ्यातली जी एक गोष्ट तुमच्या हातात आहे ती म्हणजे सुरुवात जमेल तेवढी पुढे ढकलणं. त्याला स्पष्ट सांगा की या घरात तुझ्या वयाला दारू नाही, कारणही सांगा, आणि सोबत हेही सांगा की कुठे अडकलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन आणि तिथे उभं राहून ओरडणार नाही.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. मुलांमध्ये पिण्याचं प्रमाण गरीब देशांत श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे असं वाचलं, मग आपण उगाच घाबरतोय का?

मॅडम, एकूण आकडा बऱ्याच ठिकाणी कमी आहे हे खरं, पण तेवढ्यावर निवांत होऊ नका. आधी हे आकडे येतात कुठून ते बघा. विकसनशील देशांतली बरीचशी माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय सर्व्हेतून येते, तो २००३ पासून चालू आहे, मुलं वर्गात बसून नाव न लिहिता फॉर्म भरतात. पहिल्यांदा कितव्या वर्षी प्यायलात असा त्यात प्रश्नच आहे, आणि नुसते एकदोन घोट चाखले असतील तर ते धरायचे नाहीत असंही लिहिलेलं असतं. सर्व्हे चांगलाच आहे, पण त्यात फक्त वर्गात हजर असलेली मुलं मोजली जातात. शाळा सुटलेली, मजुरी करणारी, रस्त्यावर राहणारी मुलं, म्हणजे ज्यांच्या हातात कमाईचे पैसे आहेत आणि लक्ष ठेवायला मोठं कोणी नाही, ती या आकड्यात नाहीतच. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते आणि त्यांच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

शिवाय तेवढीच दारू गरीब देशात जास्त नुकसान करते. वेळेवर ॲम्ब्युलन्स नाही, किशोरवयीन मुलांसाठी व्यसनमुक्तीची सोय जवळपास नाहीच, वयाचा कायदा आहे पण काउंटरवर वय विचारतंय कोण. आणि जगात प्यायल्या जाणाऱ्या एकूण दारूपैकी साधारण पाव हिस्सा कुठल्याच सरकारी नोंदीत नसतो, घरगुती, बेकायदा, कधी मिथेनॉल हे विषारी रसायन मिसळलेली. तिथे वयाची अट कोण पाळणार?

कंपन्यांनाही पुढचं गिऱ्हाईक याच देशांत दिसतंय, कारण इथे तरुण लोकसंख्या आहे. आफ्रिकेत तर कडक दारू छोट्या प्लास्टिक पाउचमध्ये मिळायची, स्वस्त, आणि शाळेच्या दप्तरात सहज लपणारी. टांझानियाने २०१७ मध्ये आणि युगांडाने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. म्हणून मला ‘मुलांना समजावा’ एवढंच सांगणं अपुरं वाटतं. वर्गात भाषण देऊन फार फरक पडत नाही, दारू महाग करणं, जाहिरात बंद करणं, विक्रीच्या जागा आणि वेळा कमी करणं याने पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये देशांना सुचवलेल्या पाच उपायांत हे तिन्ही आहेत. तुम्ही शिक्षिका आहात, शाळेजवळ दारूचं दुकान किंवा जाहिरात असेल तर पालकांना सोबत घेऊन लेखी तक्रार करा, ती एका व्याख्यानापेक्षा नक्की जास्त उपयोगाची.

प्रश्न : बिअर म्हणजे दारू थोडीच?

दारूच. इथेनॉल, म्हणजे नशा आणणारं अल्कोहोल, तेच, फक्त पाणी जास्त. बिअरची एक लहान बाटली आणि व्हिस्कीचा एक छोटा पेग यात अल्कोहोल जवळपास सारखंच असतं. आणि कॅन्सरचं कारण म्हणून अल्कोहोलची नोंद १९८८ मध्येच झालीय, त्यात बिअरला सूट नाही.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. पार्टीत एक मैत्रीण खूप प्यायली आणि उठतच नव्हती. सगळे म्हणाले झोपू दे, सकाळी ठीक होईल. ती ठीक झाली पण मला अजून भीती वाटते. तेव्हा काय करायला हवं होतं?

बाळा, तुला भीती वाटली ती बरोबरच होती. पिणं थांबवल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच राहते, त्यामुळे झोपलेलं माणूस सुधारतंय असं धरून चालायचं नाही. हलवून, हाक मारून जाग येत नसेल, श्वास खूप हळू किंवा थांबत थांबत येत असेल, अंग गार पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची, यातलं एक लक्षण दिसलं तरी पुरे. तोपर्यंत तिला एका कुशीवर वळवून ठेवायचं, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही, आणि एक क्षणही एकटं सोडायचं नाही. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, बोटं घालून उलटी काढणं, यातलं काहीही करायचं नाही. लहान वयात रक्तातली साखरही अचानक उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना काय आणि किती प्यायली ते खरं सांगायचं. घरचे रागावतील म्हणून बरेचजण फोन करत नाहीत, तू कर. आणि हे पान तुझ्या बाकीच्या मैत्रिणींनाही पाठव.