ओल्या फडक्याने पुसू नका

प्रश्न : ताई, माझी भाची युक्रेनमध्ये इव्हानो-फ्रान्किव्स्कला मेडिकलला होती. 2022 मध्ये युद्ध पेटलं आणि ती परत आली. तिच्या सामानात घरमालकिणीने दिलेलं नक्षीचं अंडं होतं. काळ्या रंगावर पिवळी-तांबडी हरणं, मधूनमधून पांढऱ्या रेघा. हलवलं की आत काहीतरी डुचमळतं. ते सडेल का? आणि नक्षी हाताची की छापील?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी ते हलवणं थांबवा! ही पिसांका, म्हणजे मेण आणि रंग वापरून नक्षी काढलेलं युक्रेनी अंडं. हल्ली पुष्कळ जणी भोक पाडून अंडं रिकामं करून घेतात, पण जुनी रीत कच्च्या, भरल्या अंड्याचीच. तुमचं तसंच दिसतंय. कवच शाबूत राहिलं तर आतला ऐवज वर्षानुवर्षं सुकत जातो आणि शेवटी खडखडणारा खडा उरतो. तडा गेला किंवा उन्हात तापलं, तर मात्र घरभर वास. हवाबंद डब्यात नको, टीव्हीवर तर नकोच. सावलीत, उघड्या परडीत ठेवा. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून वाफ जायला हवी, म्हणून वरून वॉर्निश मारायच्या भानगडीतही पडू नका. तुमच्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरली तर कोरड्या मऊ ब्रशने झटका. पाणी लागलं तर रंग उतरेल.

आता नक्षी. भिंग घ्या आणि पांढरी रेघ बघा. ती काळ्याच्या वर चढलेली दिसली, तर ते ब्रशने रंगवलेलं. पण पिसांकेत पांढरी रेघ म्हणजे उघडं राहिलेलं कवच. मी बाटिक करते, त्यामुळे ही उलटी चाल मला लगेच कळली. काडीला बांधलेलं पितळेचं इवलंसं नाळकं मेणबत्तीवर तापवायचं, त्यात मधमाश्यांचं मेण भरायचं आणि पांढऱ्या अंड्यावर रेघ ओढायची. जिथे मेण, तिथे पांढरं राहणार. मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं. जे पिवळं ठेवायचंय त्यावर पुन्हा मेण. मग नारिंगी, तांबडं, सगळ्यात शेवटी काळं. तोवर सगळं अंडं मेणाने माखून काळंकुट्ट झालेलं असतं. मग ज्योतीच्या कडेला धरून मेण वितळवायचं आणि फडक्याने टिपायचं, की हरणं बाहेर येतात. रेघेच्या सुरुवातीला मेणाचा किंचित जाड ठिपका पडतो. तो सापडला, तर काम हाताचं समजा. बाजारात गरम पाण्यात आवळून बसणारी छापील प्लॅस्टिकची वेष्टनंही मिळतात, पण त्यांचा जोड नखाला लागतो.

हरणं आणि पिवळा-नारिंगी रंग यांवरून मला इव्हानो-फ्रान्किव्स्कच्याच प्रांतातलं कोस्माच गाव आठवलं. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांचं हे गाव केसाएवढ्या बारीक रेघांसाठी नावाजलेलं आहे. तुमचं अंडं तिथलंच, असं फक्त वर्णनावरून मी सांगणार नाही. भाचीला विचारा, ती त्याच प्रांतातल्या कोलोमिया शहरात गेली होती का? तिथे पिसांकांचं संग्रहालय आहे, 2000 साली बांधलेलं, आणि इमारतच भल्यामोठ्या अंड्याच्या आकाराची. (फोटोत मला ती जरा भडकच वाटते.) ही कला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, युक्रेन आणि एस्टोनिया दोघांच्या नावावर.

आणि हो, ईस्टरला उकडून एकाच रंगात रंगवतात ती क्राशांका. ती सोलून खातात. तुमच्याकडची खायची नाही, हे घरातल्या पोरांना बजावून ठेवा.