थायरॉईडची गोळी लागू पडत नाही, बदलून पाहू का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं: वय ३४, वजन ६२ किलो, राहणार कोथरूड. ३ वर्षं लेव्होथायरॉक्सिनची (म्हणजे टी-फोर या थायरॉईड हार्मोनची) १०० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, पण टीएसएच (रक्तातला हा आकडा हार्मोन कमी पडला की वर जातो, जास्त झाला की खाली) कधी ८ तर कधी ०.३. थकवा जात नाही. केस गळतात म्हणून त्याच्याही गोळ्या चालू आहेत. आता ब्रँड बदलावा, टी-थ्री (दुसरा थायरॉईड हार्मोन) असलेलं औषध मागावं, की परदेशातून डुकराच्या थायरॉईड ग्रंथीची 'नैसर्गिक' गोळी मागवावी?

मी डॉक्टर नाही. नारायण पेठेत छोटा छापखाना चालवतो आणि ६ वर्षं हीच गोळी खातोय. पुरुषालाही थायरॉईड होतो हे आमच्या मेडिकलवाल्याला अजून पटलेलं नाही; दर वेळी बाटली पुढे करताना "वहिनींची ना?" असं विचारतो. माझा आजार सापडला तेव्हा टीएसएच ६८ होता. ऐन मे महिन्यात मी पंखा बंद करून स्वेटर घालून प्रुफं तपासत बसायचो, आणि फोनवर माझा आवाज ऐकून जुनी गिऱ्हाइकं "मालकांना द्या" म्हणायची.

तुम्ही जे तीन पर्याय लिहिलेत, त्यातला पहिला मी दोनदा करून पाहिला. थायरोनॉर्मवरून एल्ट्रॉक्सिन, मग परत थायरोनॉर्म. तिसऱ्याच्या वाटेला जाणार होतो, तेवढ्यात आमच्या कालनिर्णयने वाचवलं.

झालं असं. १०० च्या गोळीवर माझं बरं चाललं होतं. मग पित्त वाढलं म्हणून एका डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल दिलं. तेही उपाशीपोटी, हेही उपाशीपोटी, म्हणून मी दोन्ही एकाच घोटात घ्यायला लागलो. टीएसएच गेला ११ वर. डोस वाढून १२५ झाला, मग १५०. दिवाळीनंतर पित्त शमलं, ती गोळी मी आपली आपणच बंद केली, आणि तीन महिन्यांत टीएसएच ०.०८. रात्री कुशीवर झोपलं की छातीतली धडधड उशीत ऐकू यायची. मी सगळा दोष कंपनीला दिला. नवी बाटली, नवा ब्रँड, डोस खाली. पावसाळ्यात पित्त परत आलं, टीएसएच परत वर.

शेवटी ज्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) गेलो, त्यांनी रिपोर्टांची फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "या काळात दुसरं काय काय घेत होतात?" आता ते कोणाच्या लक्षात राहतं? पण आमच्याकडे दुधाचा हिशोब कालनिर्णयवर असतो आणि बायको त्याच चौकोनात सगळं लिहिते: अर्धा लिटर जास्त, गॅस लावला, 'ह्यांचं पित्त'. मागच्या दोन वर्षांची पानं घेऊन गेलो. डॉक्टरांनी पेन्सिलीने रिपोर्टच्या तारखांवर टीएसएच लिहिला. जिथे जिथे 'पित्त' तिथे आकडा वर, जिथे नाही तिथे खाली. ब्रँडचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

कारण साधं आहे. ही गोळी पोटात नीट विरघळायला आम्ल लागतं, आणि पॅन्टोप्राझोल नेमकं तेच कमी करतं, तेही दिवसभर. त्यामुळे दोन्हींत नुसतं अंतर ठेवून भागेलच असं नाही. एक तर ते रोज घ्या आणि त्यावर डोस बसवून घ्या, नाहीतर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगून ते थांबवा. धरसोड सगळ्यात वाईट. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचं वेगळं आहे: त्या आतड्यात या औषधाला धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात ४ तासांचं अंतर पुरतं. आणि चहा. आपल्याकडे गोळी गिळून होईपर्यंत आधण उकळलेलं असतं, त्यात दूध आलंच. अर्धा तास थांबा, तासभर थांबलात तर उत्तम, मधे फक्त पाणी. सकाळ जमतच नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर ३ तासांनी घेतलेली चालते, पण आमच्याकडे ताटं साडेनऊला मांडली जातात, तेव्हा तो नाद मी सोडला.

आता तुमच्या केसांच्या गोळ्या. बाटलीवर बायोटिन (केसांसाठी देतात ते एक जीवनसत्त्व) लिहिलंय का बघा. त्याचा डोस मोठा असेल तर ते तपासणीच्या पद्धतीतच ढवळाढवळ करतं, आणि काही लॅबच्या यंत्रांवर टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तुमचा तो ०.३ खरा आहे की बायोटिनचा, हे आधी ठरवा. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवतात. डोस फार मोठा असेल तर जास्त दिवस, ते लॅबला विचारा.

डोसचं म्हणाल तर ग्रंथी जवळजवळ बंद असेल तेव्हा किलोला १.६ मायक्रोग्रॅम असा अंदाज धरतात. ६२ किलोला १०० म्हणजे तुमचा डोस मुळात चुकीचा वाटत नाही. म्हणून तर मला संशय गोळीपेक्षा गोळीच्या आसपासच्या गोष्टींचा येतो. डोस किंवा ब्रँड बदलला की ६ ते ८ आठवडे थांबूनच टीएसएच करायचा; पंधरा दिवसांत केलेली तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे ते शरीरात निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ७ दिवसांचं आहे, सगळं सावकाश बदलतं. त्याचा एक फायदाही आहे. मी गोळी घेतो पावणेसहाला, नळाला पाणी आलं की. गुरुवारी पाणी बंद असलं की गोळीही विसरतो. एखादा गुरुवार असा हुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. आठवली की घेतो.

राहिलं डुकराच्या गोळीचं. ती कल्पना टाकाऊ नव्हती, उलट उपचार सुरूच तिथून झाले: १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईवर उपचार केले आणि ती पुढे २८ वर्षं जगली. पण माणसाची ग्रंथी टी-फोर आणि टी-थ्री साधारण १४ ला १ या प्रमाणात सोडते. डुकराच्या गोळीत ते ४ ला १ च्या आसपास असतं. म्हणजे 'नैसर्गिक' खरी, पण डुकराला. शिवाय कुरिअरने उन्हातून आलेल्या बाटलीचा भरवसा काय? ही गोळी उष्णता आणि दमट हवेने बिघडते. (माझी बाटली आधी गॅसच्या वरच्या फळीवर असायची. तीही चूकच.)

टी-थ्रीबद्दल मी इतका ठाम नाही. आपलं शरीर टी-फोरपासून टी-थ्री स्वतः बनवतं, म्हणून बहुतेकांना एकच गोळी पुरते, आणि दोन्ही एकत्र दिलेल्या चाचण्यांत सरासरीने खास फायदा दिसलेला नाही. तरीही टीएसएच व्यवस्थित राहूनसुद्धा बरं न वाटणारी माणसं असतात, आणि अशांना तज्ज्ञ कधीकधी काही महिने ते देऊन पाहतात. पण तुमचा टीएसएच अजून एका जागी टिकलेलाच नाही. तो आधी टिकू दे. तोवर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. माझा निम्मा थकवा बी-१२ चा निघाला, घरात कांदा-लसूण सोडून काही 'सामिष' नाही.

मूल हवं असा विचार असेल तर हे सगळं वाचत बसू नका, आधी डॉक्टरांना गाठा. दिवस राहिल्यावर डोस लगेच वाढवावा लागतो, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघून चालत नाही.

माझा डोस आता ११२, गेले चार रिपोर्ट २ च्या आसपास. पुढच्या तपासणीला जाताना त्या दिवशीची गोळी आधी खाऊ नका. पुडीत बांधून पर्समध्ये ठेवा, रक्त दिल्यावर तिथेच पाण्याबरोबर घ्या, आणि चहा घरी येऊन.